हवालदाराची न्याहारी

करंजवाडीत पाव हे अन्न नव्हतं, ते दुखणं होतं. टायफॉइड उतरणीला लागला की आष्ट्याचा डॉक्टर म्हणायचा, “आता दुधात पाव बुडवून द्या.” मग घरातलं कुणीतरी एसटीनं जाऊन मेणकागदात गुंडाळलेला पाव घेऊन यायचं, आणि ते माणूस फाट्यावर उतरून घरी पोचेपर्यंत साऱ्या गावाला कळलेलं असायचं, की अमक्याच्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. दुसऱ्या दिवशी गाव भेटायला जायचं. न जाणं म्हणजे उघड उघड वैर. धडधाकट माणसानं सकाळी उठून आपण होऊन पाव खावा, असला प्रकार एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीपर्यंत तरी त्या गावात घडला नव्हता.

तो घडवला हवालदार नाथाजीनं, आणि बिचाऱ्याची तशी अजिबात इच्छा नव्हती.

नाथाजी बावीस वर्षं लष्करात काढून वर्षापूर्वी गावी परत आला होता. हवालदाराचा हुद्दा खरा होता. पेन्शन खरी होती. मिशाही खऱ्या होत्या. पण बंदूक म्हणाल, तर ती त्यानं चालवली होती फक्त भरतीच्या वर्षी, आणि त्या वेळीही गोळ्या निशाण सोडून शेजारच्या बांधाला लागल्या होत्या. उस्तादानं त्याच्याकडं पाहिलं, बांधाकडं पाहिलं, आणि संध्याकाळी त्याची रवानगी ऑफिसर मेसच्या भटारखान्यात केली. तिथून तो पेन्शन घेऊनच बाहेर पडला. पासष्ट सालची लढाई त्यानं कांदा चिरत काढली आणि एकाहत्तरची अंडी फेटत.

यात लाजण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचाराल. तुम्हाला विचारायला काय जातंय! करंजवाडीत घरटी एक माणूस फौजेत. कुणाचं बोट गेलेलं, कुणाला पदक मिळालेलं. पहिल्या रजेवर आला तेव्हा नाथाजी वीस वर्षांचा होता, आणि पारावर कुणीतरी विचारलं, “काय काम करतोस रं पलटनीत?” तेव्हा ऐकायला चार-पाच लग्नाच्या मुलींचे बाप बसले होते. नाथाजी म्हणाला, “मशीनगन.” एवढाच एक शब्द. पण एकदा मशीनगन म्हटल्यावर माणसाला पुढं कांदा म्हणता येत नाही. त्यातल्याच एका बापानं आपली राहीबाई त्याला दिली. मग दर रजेला मशीनगनमधून थोड्या थोड्या गोळ्या सुटत गेल्या. डाव्या हातावर उकळत्या तेलाचा डाग होता. गावात तो ‘गोळी चाटून गेली’ म्हणून प्रसिद्ध झाला. खाटेखालच्या ट्रंकेला मोठं कुलूप होतं, आणि आत पिस्तूल असल्याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. आत होती मेसमधली सुरी, कलथा आणि पांढरी टोपी.

घरात तर त्यानं कमाल केली होती. खोटं पक्कं राहावं म्हणून तो चुलीकडं पाठ करून जेवायचा. मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्याला ठाऊक नसायचं. राहीबाईच्या कालवणाची फोडणी कच्ची राहिली की आतला खानसामा नुसता तळमळायचा, पण वरचा हवालदार मिशीवर हात फिरवून म्हणायचा, “आपल्याला त्यातलं काय कळतंय?” राहीबाईला त्याचं कौतुक होतं. पाणवठ्यावर ती बायकांना सांगायची, “आमच्या ह्येंला चूल कुठनं पेटती ते बी ठावं न्हाई.” आणि हे सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा, की जणू नवऱ्याला पदकच मिळालंय.

आता सव्वीस जानेवारीला शाळेचा झेंडा नाथाजीच्या हस्ते लागायचा होता. सरपंच लालासाहेबांनी स्वतः येऊन आमंत्रण दिलं होतं आणि पोरांना रणांगणावरचे चार अनुभव सांगावेत अशी गळ घातली होती. नाथाजीनं भाषण पाठ करायला घेतलं. पहिल्या दिवशी त्यात शत्रूचे सात जण पडले, चौथ्या दिवशी अकरा. अशा ऐन रंगात बुधवारी पोस्टमननं पत्र आणून दिलं आणि भाषणाची वाचा बसली.

पत्र मेजर सोंधी साहेबांचं होतं. साहेबांचे मेहुणे कोयनानगरला धरणावर इंजिनिअर होते. त्यांच्याकडं चार दिवस राहून साहेब रविवारी जीपनं बेळगावला निघणार होते. वाटेत सकाळी नऊच्या सुमाराला करंजवाडीला थांबणार होते. का, तर पत्रात शेवटी लिहिलं होतं: “वही सँडविच खाऊंगा, काकवी वाला.”

हे सँडविच म्हणजे नाथाजीच्या आयुष्यातला एकमेव पराक्रम. एका हिवाळ्यात पलटण बर्फात अडकली होती, रसद येईना, मेसमधला जॅम संपला. साहेब लोकांना सकाळी काहीतरी गोड लागतं, नाहीतर दिवसभर शिपायांचे हाल. नाथाजीच्या सामानात राहीबाईनं रजा संपताना बांधून दिलेली काकवीची बाटली होती, आणि भाजलेल्या शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी. त्यानं लोण्यात पाव भाजला, एका बाजूला काकवी लावली, एका बाजूला चटणी, मध्ये कांदा-मिरचीचं जाडजूड ऑम्लेट, आणि वर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून सगळं दाबलं. साहेबांनी एक घास घेतला आणि कुणी केलं म्हणून विचारलं. पुढं बदली कुठंही झाली, तरी साहेब त्याला बरोबर घेऊन जात राहिले. दर रजेनंतर नाथाजीबरोबर दोन बाटल्या काकवी जायची, आणि नवऱ्याला गोडाची एवढी आवड आहे, याचं राहीबाईला नवल वाटायचं.

असा माणूस सव्वीस जानेवारीच्या सहा दिवस आधी गावात येऊन ‘आमचा कुक कुठंय’ म्हणून विचारणार होता. नाथाजीला तीन दिवस जेवण गेलं नाही. एकाहत्तर साली मेसच्या मागच्या शेतात तोफगोळा पडला होता तेव्हाही तो एवढा घाबरला नव्हता. तेव्हा फक्त चाळीस अंडी फुटली होती.

शनिवारपर्यंत मात्र त्यानं बेत आखला. साहेबांना गावात पाऊलच टाकू द्यायचं नाही. पहाटेच राहीबाईला काहीतरी कामाला लांब पाठवायचं, गुपचूप सँडविच करायचं, पावणेनऊला फाट्यावर जाऊन उभं राहायचं, जीप थांबली की चिंचेखाली साहेबांना खाऊ घालायचं आणि बेळगावच्या दिशेनं सलाम ठोकायचा. बेतात खोट काढायला जागा नव्हती. फक्त त्याला पाव लागत होता.

आष्ट्यात घेतला असता तर बेकरीवाल्यानंच चौकशी केली असती. म्हणून हा शहाणा थेट सांगलीला गेला, विश्रामबागेतल्या बेकरीतून दोन मोठे पाव घेतले, पंच्यात गुंडाळले, पिशवीत तळाशी घातले, वर मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या आणि परतीच्या एसटीत बसला. एवढी खबरदारी घेतली, पण कंडक्टर कोण आहे ते पाहिलं नाही. कंडक्टर करंजवाडीचाच बाळासो होता. वळणावर एसटी हेलकावली, पिशवी आडवी झाली, मेथी एकीकडं गेली आणि पाव घरंगळत बाळासोच्या पायाशी गेला.

“पाव?” बाळासो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. “हवालदारकाका, घरात कोन पडलंय?”

एसटीतल्या पंधरा माणसांनी माना वळवल्या. बावीस वर्षांपूर्वी पारावर एका क्षणात मशीनगन सुचलेला नाथाजी आता नुसता आ वासून बसला. राहीबाई आजारी म्हणावं, तर ती सकाळीच सगळ्यांना दिसली होती.

“मलाच,” तो शेवटी म्हणाला. “पोटात जरा.”

“डाक्टर काय म्हनला?”

“डाक्टर काय सांगत न्हाई.”

तसं पाहिलं तर हे अगदी खरं होतं. डॉक्टरकडं तो गेलाच नव्हता. पण ‘डॉक्टर काही सांगत नाही’ या वाक्याचा करंजवाडीत एकच अर्थ होतो. बाळासोनं पाव उचलून पुसला, हळुवार हातानं पिशवीत ठेवला, एका पैलवानाला उठवून नाथाजीला पुढच्या बाकावर बसवलं आणि फाट्यापर्यंत घंटीसुद्धा बेतानं वाजवली.

रविवारी पहाटे नाथाजीनं राहीबाईला उठवलं. “लालासायबांच्या गुऱ्हाळावर जाऊन ताजी काकवी आन.”

“बरनीत हाय की.”

“ताजी पायजे.”

गुऱ्हाळ दीड मैलावर होतं. राहीबाईनं पदर खोचला, किटली घेतली आणि ती अंधारातच निघाली. ती पाणवठ्यावरून गेली नाही म्हणून तिला काही कळलं नाही. बाळासोनं मात्र रात्रीच घरी सांगितलं होतं, त्याच्या आईनं उजाडता उजाडता पाणवठ्यावर सांगितलं, आणि आठ वाजेपर्यंत हवालदाराच्या पोटात आतड्याला गाठ झाली होती.

इकडं हवालदारानं ट्रंक उघडून सुरी काढली होती. परड्यातल्या चुलीत त्यानं चिपाडं सारली आणि पहिल्याच काडीला जाळ केला. बरणीतली काकवी लोण्याच्या गोळ्यासकट एका लहान पातेल्यात घातली आणि ती चांगली दाट व्हावी म्हणून निखाऱ्यावर कडेला सरकवली. पातळ काकवी पावात मुरते आणि पावाचा लगदा होतो. ही विद्या त्याला बर्फात मिळाली होती. मग कांदा घेतला. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या हातात सुरी आली होती, आणि कांद्याचे तांदळाएवढे तुकडे असे भराभर पडायला लागले की त्याचं त्यालाच बरं वाटलं. तो गुणगुणायलासुद्धा लागला. अंडी फोडणार, एवढ्यात पुढच्या दारात आवाज आला.

“हवालदारा, जित्ता हाईस न्हवं रं?”

ही शेजारची धोंडुबाई. नाथाजी अंडी टोपलीत टाकून आत धावला, खाटेवर पडला आणि घोंगडं हनुवटीपर्यंत ओढलं. धोंडुबाई आत आली. तिच्या हातात सकाळच्या पहिल्या एसटीनं आष्ट्याहून आलेला पाव होता.

“मोठ्यानं बोलू नगंस,” ती मोठ्यानं म्हणाली. “आमच्या मालकांचं बी असंच झाल्तं. पोटातच. धा दिसात आटपलं.”

तिच्या मागून बाळासोची आई आली. तिच्याकडंही पाव होता. मग दोघं भाऊ आले, ते एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून दोन वेगवेगळे पाव घेऊन आले होते. कुणी ग्लुकोजची बिस्किटं आणली, कुणी मोसंबी. साडेआठपर्यंत पुढचा सोपा माणसांनी भरला. शेवटी सरपंच लालासाहेब आले, हात मागं बांधून खाटेशी उभे राहिले आणि म्हणाले, “झेंड्याची काळजी करू नगा. दुसरं कुनीतरी बगू.” यावर बायकांनी डोळ्याला पदर लावला.

नाथाजी घामानं थबथबला होता. तो पाहून सगळ्यांची खात्रीच पटली. पावणेनऊ झाले. फाट्यावर जायला हवं होतं, आणि मरणाच्या दारातल्या माणसाला फाट्यावर जाता येत नाही. त्यानं एकदा “मला जरा भायेर मोकळ्या हवेत बसूसं वाटतंय” म्हणून पाहिलं. चौघांनी मिळून त्याला पुन्हा आडवं केलं.

नऊला पाच कमी असताना बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारा केरू जीपमध्ये पुढं बसून आला होता. साहेबांनी त्याला हवालदार नाथाजीचं घर विचारलं होतं, आणि केरूनं त्यांना आपल्या हिंदीत सगळं नीट समजावून सांगितलं होतं: “साब, आखरी टाइम है.”

मेजर सोंधी टोपी काढून आत आले. उंचापुरा माणूस, पण चेहरा पार पडलेला. गर्दीनं वाट दिली. साहेब खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी नाथाजीचा हात हातात घेतला. नाथाजीनं डोळे गच्च मिटले. आपण आताच मेलो तर किती सोयीचं होईल, असं त्याला मनापासून वाटलं.

साहेब बोलायला लागले. लालासाहेबांना बाजारापुरती हिंदी येत होती, तेव्हा दोन दोन वाक्यांनंतर ते गावासाठी अर्थ सांगत होते. त्याच वेळी राहीबाई धापा टाकत दारात आली. गुऱ्हाळावर कुणीतरी तिला ‘हवालदार गेला’ असं सांगितलं होतं. ती दीड मैल पळत आली होती, पण किटली तिनं सोडली नव्हती.

“मेरी पूरी नौकरी में,” साहेब म्हणाले, “ऐसा कुक नहीं देखा.”

“सायेब म्हनत्यात,” लालासाहेब म्हणाले, आणि थांबले. त्यांनी साहेबांकडं पाहिलं. “कूक?”

“कुक!” साहेब म्हणाले. “बर्फ़ में सुबह सात बजे गरम सँडविच! लड़ाई में गोले गिर रहे हैं, और यह आदमी अंडा फेंट रहा है! बीस साल इसने रसोई नहीं छोड़ी.” मग त्यांनी नाथाजीची बाही वर केली आणि हातावरच्या डागावरून प्रेमानं बोट फिरवलं. “यह देखो. पूरी तलते हुए तेल गिरा था. फिर भी चालीस लोगों का नाश्ता बनाया.”

लालासाहेबांनी याचा अर्थ सांगितला नाही. गरजच नव्हती, पुरी आणि तेल सगळ्यांना कळलं होतं. घोंगड्याखाली हवालदार नाथाजी मरणाची वाट बघत पडला होता, आणि मरण काही यायला तयार नव्हतं.

मरणाऐवजी वास आला. परड्यातून, आधी गोड, मग खरपूस, आणि मग कडवट. साहेबांनी नाक वर केलं. “कुछ जल रहा है?”

“काकवी!” नाथाजी ओरडला.

मरणाच्या दारातला माणूस एका उडीत खाटेवरून खाली आला, घोंगडं लाथेनं उडवलं, दोन भावांच्या मधून वाट काढली आणि परड्यात धावला. बावीस वर्षांची सवय ती. पदार्थ लागायला लागला की त्याला स्वर्गातूनही परत यावं लागलं असतं. गाव त्याच्या मागोमाग परड्यात आलं तेव्हा तो फुंकर मारत पातेलं उतरवत होता. त्यानं वर पाहिलं. अर्धी करंजवाडी त्याच्याकडं बघत होती, आणि त्याच्या हातात चिमटा होता.

“म्हंजे मशीनगन...” लालासाहेब म्हणाले.

“न्हाई चालवली,” नाथाजी म्हणाला.

“येकदा बी?”

“न्हाई.”

साहेबांना यातलं काही कळलंच नव्हतं. आपला कुक उठून बसला, एवढ्यानंच ते खूश होते. त्यांनी दगडावर बैठक मारली आणि म्हणाले, “तो फिर बनाओ!”

दुसरं करण्यासारखं काही उरलंही नव्हतं. नाथाजीनं राहीबाईकडं न बघताच तिच्या हातातली किटली घेतली आणि तो कामाला लागला. ताज्या काकवीत लोणी घालून तो ती मंद जाळावर ढवळत राहिला. चमच्याला चिकटून हळूच खाली पडेल एवढी ती दाट झाली. तव्यावर लोणी सोडलं, पावाचे काप एका बाजूनं तांबूस भाजले. भाजलेल्या बाजूला काकवी लावली, म्हणजे ती आत मुरत नाही. दुसऱ्या कापाला शेंगदाण्याची चटणी. अंडी फेटताना त्याचा हात दिसत नव्हता. कांदा, मिरची, मीठ. आणि मिठाचा डबा त्यानं आत जाऊन नेमका आणला, वरच्या फळीवरचा, तिसरा. जाड ऑम्लेट उलटवलं, घडी घातली, दोन कापांमध्ये बसवलं, तव्यावर ठेवून वर भरलेला तांब्या ठेवला. बाजू बदलली. मग सुरीनं तिरका काप दिला तेव्हा कुर्रकन आवाज झाला आणि कडेनं काकवीचा एक थेंब बाहेर आला. हे सगळं गाव डोळे फाडून पाहत होतं. खरं सांगायचं तर मशीनगनबद्दल ऐकताना कुणी एवढं मन लावून ऐकलं नव्हतं.

साहेबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

“सरपंच, ते लडाईचं मागनं बगा,” धोंडुबाई म्हणाली. “आदी ते पावाचं काय केलंय ते मला चाखू द्या. वास लय सुटलाय.”

घरात पावाला काय तोटा! आजाऱ्यासाठी आलेले आठ पाव खाटेखाली रचलेले होते. नाथाजीनं तव्यावर एका वेळी चार चार सँडविच लावली. धोंडुबाईनं अर्धं खाल्लं आणि जाहीर केलं, “ग्वाड हाय का तिकाट हाय तेच कळंना.” मग तिनं ते कळावं म्हणून उरलेलं अर्धंही खाल्लं आणि ताटली पुढं केली. “आनि येक दे.” ते दोघं भाऊ एकमेकांकडं बघत नव्हते, पण एकाच ताटलीतून खात होते. बाळासोच्या आईनं विचारलं, की धाकट्याच्या लग्नात दोनशे मानसांचं जमंल का. लालासाहेबांनी तीन सँडविच संपवली, मिशा पुसल्या आणि निकाल दिला: झेंडा हवालदारानंच लावायचा. भाषण मात्र नको. त्याऐवजी पोरांना हे खायला घालावं.

अकरा वाजता साहेब दोन सँडविच मेणकागदात बांधून घेऊन बेळगावकडं गेले. त्यांच्या पाठोपाठ गावही ढेकर देत पांगलं. आजाऱ्याला भेटायला येऊन इतकं तृप्त होऊन जाण्याची ही करंजवाडीची पहिलीच वेळ असावी.

नाथाजीला फार हलकं वाटलं. बावीस वर्षं ज्याची धास्ती घेतली, ते सव्वा दोन तासांत उरकलं होतं, आणि कुणी एक वाकडा शब्द काढला नव्हता. थोडं आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच त्याला वाटलं. उरलेल्या दोन कापांचं त्यानं राहीबाईसाठी सँडविच केलं. साहेबांसाठी केलं त्याहून मन लावून केलं. ती मघापासून परड्याच्या उंबऱ्यावर बसून होती. त्यानं ताटली तिच्या पुढं ठेवली आणि साहेबांपुढं उभा राहायचा तसा हात पुसत उभा राहिला.

राहीबाईनं एक घास खाल्ला. सावकाश चावला. मग दुसरा. तिनं सगळं संपवलं, बोटाला लागलेली काकवीसुद्धा चाटली.

“कसं झालंय?” नाथाजीनं विचारलं.

“लय चांगलं झालंय,” ती म्हणाली. मग ताटली मांडीवर ठेवून म्हणाली, “आपली साळू झाली तवा तुमी रजंवर व्हता.”

“व्हय की.”

“मी बाळंतीन. अंगात ताप. धोंडुबाई दोन दिस भाकरी दिऊन गेली, तिसऱ्या दिशी तिला जमलं न्हाई. तुमी हितंच बसला व्हता. म्हनला, राहे, भूक लागलीया, पर मला चूल पेटवाय बी येत न्हाई. मी भिताडाला धरून उटले. पोरीला खाली ठिवली, ती रडत व्हती. धुरात बसून दोन भाकरी थापल्या. तुमी खाल्ल्या.”

नाथाजीला तो दिवस आठवला. भाकरी जरा करपली होती, आणि तसं तो बोललाही होता.

“गावाला काय सांगितलं त्याचं मला काय न्हाई,” राहीबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता; चढला असता तर नाथाजीला सोसलं असतं. “मशीनगन म्हना न्हाईतर तोफ म्हना. पर त्या दिशी घरात आपुन दोगंच व्हतो की वो. कुनाला दिसनार व्हतं?”

“आगं, मानसांस्नी कळलं असतं तर... फौजंतला गडी न् चुलीम्होरं... मानसं काय म्हनली असती?”

“मानसं आजच येऊन गेली की,” राहीबाई म्हणाली. “सगळा गाव व्हता. बगितलं न्हाई व्हय, काय म्हनली ती?”

नाथाजी पुसलेलेच हात पुन्हा पुसायला लागला.

“आनि येक दे, म्हनली.”

मशीनगनची लाज त्याला सकाळी वाटून झाली होती. आता वाटत होती ती त्या दोन भाकरींची, आणि ती वाटून संपण्यासारखी नव्हती. त्याला खाली बसून रडावंसं वाटलं. पण राहीबाईनं रिकामी ताटली त्याच्या पुढं धरली होती आणि तिचा हात खाली जात नव्हता. त्यानं ताटली घेतली आणि तो चूल फुंकायला बसला.